डिस्कची तुकडेजोड आणि शिवाराची तुकडेजोड

१/
महाराष्ट्रात तळेगाव नावाची अनेक गावे आहेत. म्हणून प्रत्येकाच्या नावाला एक खूण जोडावी लागते. पुण्याजवळचे ते तळेगाव दाभाडे, अमरावती जिल्ह्यातले ते तळेगाव दशासर, आणि नागपूर-अमरावती महामार्गावरचे, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले ते तळेगाव (श्यामजी पंत). नाव एकच असले तरी ठिकाणे निराळी. आणि कोणते नाव कोणत्या ठिकाणचे, हे सांगण्यासाठी एक नोंदवही लागते. आजचा धागा अशा दोन नोंदवह्यांचा आहे. एक संगणकाच्या हार्ड डिस्कवरची, दुसरी तलाठ्याच्या दप्तरातली. दोन्हींत तुकडे पडले आणि दोन्हींत ते जोडण्याचा उद्योग झाला.

२/
या दोन नोंदवह्यांची गाठ वर्धा जिल्ह्यात पडली. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने जमिनीच्या अभिलेखांचे संगणकीकरण प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. त्यासाठी देशभरातून आठ जिल्हे निवडले. आंध्रातला रंगारेड्डी, गुजरातेतला गांधीनगर, राजस्थानातला डुंगरपूर यांच्याबरोबर महाराष्ट्रातून निवड झाली ती वर्ध्याची. पिढ्यान्‌पिढ्या कागदावर असलेला सातबारा डिस्कवर उतरवण्याचा तो आरंभ होता.

३/
त्याच सुमारास जगभरातले संगणक वापरणारे एका वेगळ्या तुकडेजोडीत गुंतले होते. डिस्कवर विखुरलेल्या फाइली एका आज्ञेने सलग लावता येत होत्या. डिस्कचे काम एका ओळीच्या आज्ञेत झाले. शेतजमिनीचे तेच काम १९४७ च्या कायद्याला पाऊणशे वर्षे उलटली तरी अपुरे आहे. असे का व्हावे? उत्तरासाठी दोन्ही इतिहास क्रमाने पाहू. आधी डिस्क.

४/
चुंबकीय डिस्क असलेला पहिला व्यापारी संगणक आयबीएमने १९५६ मध्ये आणला. नाव ३०५ रॅमॅक. त्याच्या डिस्क-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या. सर्व मिळून ५० लाख अक्षरे मावत. वाचण्या-लिहिण्यासाठी एक हात होता. तो वर-खाली सरके, हव्या त्या तबकडीपाशी थांबे आणि आत शिरे. कोणत्याही पानावर थेट जाता येणे हा या यंत्राचा मोठा गुण. परंतु 'जाणे' ही क्रिया शिल्लकच होती, आणि तिला वेळ लागे.

५/
पुढच्या काळातील मोठ्या संगणकांवर फाइलीसाठी जागा आधीच मागून ठेवावी लागे. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीत प्रोग्राम लिहिणारा सांगे: मला एवढी जागा द्या, कमी पडली तर पुन्हा एवढी. अंदाज चुकला आणि जागा संपली, तर काम मध्येच बंद पडे. जास्त मागितली, तर ती रिकामी पडून राही. तुकडे थोडे पडत, पण माणसाला भविष्य सांगावे लागे. आपली फाइल उद्या किती वाढणार, हे आज कोण सांगू शकतो?

६/
घरगुती संगणकांनी ही अट काढून टाकली. १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी फाइल ॲलोकेशन टेबल, म्हणजे 'फॅट', ही रचना तयार केली. १९८१ पासून एमएस-डॉस तिच्यावरच चालले. कल्पना साधी आहे. डिस्कचे सारख्या आकाराचे खण पाडायचे. त्यांना क्लस्टर म्हणतात. एका तक्त्यात प्रत्येक खणासमोर लिहायचे की फाइलीचा पुढचा भाग कोणत्या खणात आहे. खण १२ मध्ये लिहिले '१३', तेराव्यात लिहिले '९०', नव्वदाव्यात लिहिले 'समाप्त'.

७/
फाइल वाढली की मिळेल तो रिकामा खण घ्यायचा आणि तक्त्यात एक आकडा वाढवायचा. परवानगी नको, अंदाज नको. फाइली पुसल्या जातात, मधे मोकळ्या जागा राहतात, नव्या फाइली त्या भोकांत शिरतात आणि काही महिन्यांत एकच फाइल डिस्कभर पसरते. हे विखुरणे कोणाच्या चुकीने होत नाही. कोणालाही आधी न विचारता वाढण्याची जी मुभा दिली, तिची ती किंमत आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. शिवारात गेल्यावर तो पुन्हा भेटेल.

८/
किंमत किती, ते आकड्यांत पाहू. १९८३ च्या आयबीएम पीसी/एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. त्यात वापरलेल्या सीगेटच्या एसटी-४१२ या डिस्कचे हेड एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्यास सरासरी ८५ मिलिसेकंद घेई. डिस्क मिनिटाला ३,६०० फेरे घेई. म्हणजे हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी आणखी ८ मिलिसेकंद. खण ४ किलोबाइटचा. ४०० किलोबाइटची फाइल म्हणजे १०० खण. ते सर्व विखुरलेले असतील, तर नुसत्या धावपळीत नऊ सेकंदांहून अधिक वेळ जाई. सलग असतील, तर हा वेळ जवळजवळ नाहीसा होई.

९/
डॉसमध्ये चेकडिस्क नावाची आज्ञा होती. तिच्यापुढे फाइलींची नावे दिली, की कोणती फाइल किती असंलग्न गठ्ठ्यांत पडली आहे ते ती सांगे. सांगे, पण दुरुस्त करीत नसे. त्यावर उपाय जुना आणि कष्टाचा: सर्व फाइली फ्लॉपींवर उतरवायच्या, डिस्क नव्याने फॉरमॅट करायची आणि फाइली एकामागून एक परत भरायच्या. सारे गाव उठवून माळावर बसवायचे आणि घरे नव्याने वाटायची, तसलाच तो प्रकार.

१०/
१९८० च्या दशकात नॉर्टन युटिलिटीजमधील स्पीड डिस्कसारख्या प्रोग्रामांनी हे काम जागच्या जागी करून दाखवले. त्यातले तंत्र पायऱ्यांच्या क्रमात आहे. प्रथम मोकळी सलग जागा शोधायची. तिथे मजकुराची प्रत उतरवायची. प्रत नीट उतरली, की मगच तक्त्यातील आकडे बदलायचे. आणि अगदी शेवटी जुनी जागा मोकळी म्हणून जाहीर करायची. हा क्रम पाळला, तर मधे वीज गेली तरी एक तरी प्रत शाबूत राहते. क्रम उलटला, तर तक्ता एक सांगतो आणि डिस्कवर दुसरेच असते.

११/
मार्च १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे साधन सिमँटेककडून परवाना घेऊन थेट प्रणालीतच दिले. आज्ञा होती डीफ्रॅग. तिला एफ हे अक्षर जोडले, तर फाइली जोडून मधल्या मोकळ्या जागाही बुजवल्या जात. यू जोडले, तर फाइली जोडल्या जात, पण मोकळ्या जागा तशाच राहत. पडद्यावर डिस्कचा नकाशा चौकटी-चौकटींत दिसे आणि चौकटी हळूहळू हलत. ते तासभर न्याहाळत बसणे हा त्या पिढीच्या अनेकांचा छंदच होता.

१२/
विंडोज एनटीच्या घराण्यात ही सोय उशिरा आली. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये चालू प्रणालीत फाइलीचा भाग सुरक्षितपणे हलवण्याची व्यवस्था झाली. विंडोज २००० मध्ये डिस्ककीपर या प्रोग्रामची मर्यादित आवृत्ती खिडकीच्या रूपात आली. आणि २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये डीफ्रॅग पुन्हा कमांड लाइनवर परतले. डीफ्रॅग, मग एक जागा सोडून सी, आणि त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे. एवढ्यावर काम सुरू.

१३/
चित्रमय खिडकी असताना ओळीची आज्ञा कशाला? कारण खिडकीपुढे माणूस बसावा लागतो. ओळ मात्र फाइलीत लिहून ठेवता येते, रात्री दोन वाजता आपोआप चालवता येते आणि कार्यालयातील शंभर यंत्रांवर एकाच वेळी पाठवता येते. एक्सपीच्या आज्ञेला ए जोडले, तर ती केवळ तपासणी करी. व्ही जोडले, तर सविस्तर अहवाल देई. आणि एक अट असे: डिस्कवर निदान १५ टक्के जागा मोकळी हवी. हलवाहलव करायची, तर मधे ठेवायला रिकामी जागा लागतेच. जागा कमी असूनही रेटायचेच असेल, तर एफ हे अक्षर जोडावे लागे.

१४/
पुढे विंडोज व्हिस्टाने (२००७) एक निराळा विचार मांडला. फाइलीचा तुकडा ६४ मेगाबाइटहून मोठा असेल, तर त्याला तुकडा समजायचेच नाही. कारण एवढा तुकडा वाचण्यास त्या काळच्या डिस्कला सेकंदभर लागे. त्यापुढे हेडची दहा-बारा मिलिसेकंदांची उडी नगण्य. सर्व तुकडे जोडायचेच असतील, तर आज्ञेला डब्ल्यू हे अक्षर वेगळे द्यावे लागे. म्हणजे 'तुकडा' हे निरपेक्ष माप उरले नाही. किती लहान झाल्यावर तो त्रासदायक ठरतो, याची मर्यादा आधी ठरवावी लागते.

१५/
नेमका हाच प्रश्न महाराष्ट्राच्या शिवारात त्यापूर्वी नव्वद वर्षे विचारला जात होता. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली. ती १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या हिशेबात १७७१ मध्ये गावातील सरासरी खाते ४० एकरांचे होते. १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आले. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक वेगवेगळ्या तुकड्यांत पसरली होती आणि त्यांतले निम्म्याहून अधिक तुकडे एकराहून लहान होते.

१६/
तुकडे पडले कसे? वारसांमुळे, हे सर्व जण सांगतात. पण ते अर्धे उत्तर झाले. चार भावांत वीस एकर वाटायचे, तर पाच-पाच एकरांचे चार सलग भाग पाडता आले असते. तसे होत नसे. काही जमीन काळी, काही बरड, काही विहिरीच्या पाण्याखालची, काही ओढ्याकाठची. प्रत्येक भाऊ प्रत्येक प्रकारात आपला वाटा मागे, आणि ते न्यायाचेच होते. चार प्रतींची जमीन आणि चार भाऊ, म्हणजे सोळा तुकडे. पुढच्या पिढीत त्यांचेही वाटे. भावाभावांत न्याय राखण्याची ही किंमत होती.

१७/
मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक जी. एफ. कीटिंग यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच तुकडे रोखण्यासाठी कायद्याची कल्पना मांडली. १९२७ मध्ये लहान धारणांविषयीचे विधेयक मुंबई विधिमंडळापुढे आले आणि त्याला तीव्र विरोध झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विरोधात बोललेल्या सदस्यांपैकी एक होते डॉ. भीमराव आंबेडकर.

१८/
आंबेडकरांचा या विषयाचा अभ्यास जुना होता. १९१८ मध्येच त्यांनी भारतातील लहान धारणा आणि त्यांवरील उपाय या विषयावर इंग्रजीत प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांचे म्हणणे असे: विखुरलेल्या जमिनी एकत्र करणे हा एक प्रश्न आहे आणि खाते मोठे करणे हा दुसरा. शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही; ते कसणाऱ्यापाशी बैल, अवजारे, भांडवल किती आहे यावर ठरते. जमिनीवर जगणाऱ्यांची गर्दी कमी व्हायची, तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत. व्हिस्टाच्या ६४ मेगाबाइटच्या मर्यादेमागचा तर्क याच जातीचा आहे: तुकडा लहान की मोठा, हे वाचणाऱ्या यंत्राच्या वेगावरून ठरते.

१९/
१९२७ च्या भाषणात त्यांनी भीती व्यक्त केली की अशा कायद्याने लहान शेतकरी भूमिहीन होतील. तुकडा विकून टाका, नाहीतर शेजाऱ्याला द्या, असे सांगितले, तर ज्याच्याकडे तुकड्याखेरीज काहीच नाही त्याने जायचे कुठे? त्यांनी सुचवलेली वाट वेगळी होती. मालकी मोडू नये. मालकांनी सहकाराने जमिनी एकत्र कसाव्यात. बांध कागदावर राहील, नांगर मात्र सलग चालेल. अखेरीस ते विधेयक बारगळले.

२०/
वर्धा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तो मध्य प्रांतात होता. मध्य प्रांताने १९२८ मध्ये आपला स्वतंत्र एकत्रीकरण कायदा केला आणि त्याचा अंमल मुख्यतः छत्तीसगडात झाला. त्यात संमतीला स्थान होते. गावातील निदान निम्मे कायम हक्कदार आणि त्यांच्याकडे लागवडीचे निदान दोन-तृतीयांश क्षेत्र असेल, तर त्यांची योजना उरलेल्यांवर बंधनकारक होई. म्हणजे आज्ञा वरून सुटत नसे. ती गावाच्या बहुमतातून निघे.

२१/
मुंबई प्रांताचा कायदा आला तो १९४७ मध्ये. त्याला बोलीत 'तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा' म्हणतात, आणि या नावात त्याची दोन अंगे आली आहेत. तुकडेबंदी: प्रत्येक भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवायचे आणि त्याहून लहान तुकडा होईल अशी वाटणी किंवा विक्री रोखायची. तुकडेजोड: गावातील विखुरलेल्या जमिनींची अदलाबदल करून प्रत्येक खातेदाराला शक्यतो सलग जमीन द्यायची, ज्याला कमी मोलाची मिळेल, त्याला फरकाची भरपाई द्यायची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा तिथेही लागू झाला.

२२/
या तुकडेजोडीची खूण आजही लाखो सातबाऱ्यांवर आहे. तुमच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर आहे की गट नंबर? एकत्रीकरण योजना पार पडलेल्या गावांत जुने सर्व्हे नंबर आणि त्यांचे हिस्से जोडून नवे गट पाडले गेले. 'गट नंबर' हा शब्द तिथून रूढ झाला. आजोबा एका नंबराने शेत ओळखत आणि उताऱ्यावर दुसराच असतो, याचे कारण पुष्कळदा हेच. ती तुमच्या गावाची डीफ्रॅग झाल्याची नोंद आहे.

२३/
तरीही योजना सर्व गावांत पुरी झाली नाही आणि जिथे झाली तिथेही तंटे उरले. पहिले कारण सरळ आहे. डिस्कचे सर्व खण सारखे असतात. बारावा खण काय, नव्वदावा काय. त्यात ठेवलेल्या मजकुराला फरक पडत नाही. शेताचे तसे नाही. एकात विहीर आहे, दुसऱ्यात खडक. एकात आजोबांनी लावलेली संत्र्याची बाग आहे, दुसरे रस्त्याला लागून आहे. बाजारमूल्याची भरपाई देता येते. पण मूल्य ठरवणारा परका आणि सोडून जाणारा घरचा, तेव्हा आकडा कितीही बरोबर असला तरी मन मानत नाही.

२४/
दुसरे कारण क्रमाचे. डिस्कवर प्रत आधी उतरते, तक्ता नंतर बदलतो आणि जुनी जागा शेवटी सुटते. अनेक गावांत याच्या उलट झाले. दप्तरात गट बदलले, नावे बदलली, पण प्रत्यक्ष ताबा जिथला तिथे राहिला. कागदावर गोविंदरावांचे शेत आणि वहिवाट माधवरावांची. माधवरावांच्या नावाचे शेत कसतात गोविंदराव. हयातीत दोघांनाही अडचण नसे, कारण दोघांनाही खरे ठाऊक असे. (ही दोन नावे केवळ उदाहरणादाखल.) भांडण सुरू होते ते नातवंडांच्या पिढीत, कर्ज काढताना किंवा महामार्गाचा मोबदला वाटताना.

२५/
तिसरे कारण मोकळ्या जागेचे. एक्सपीला १५ टक्के जागा रिकामी लागे. गावाच्या शिवारात रिकामी जागा कुठून आणायची? प्रत्येक तुकड्यावर कोणाचे तरी पोट असते. एकाला हलवायचे, तर त्याच क्षणी दुसऱ्याला हलवावे लागते, आणि दोघांपैकी एकाचे पीक उभे असते. आणि तुकडेबंदीचे अंगही गळत राहिले. एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार होतच राहिले, इतके की १९६५ नंतर कायदा मोडून झालेले व्यवहार ठरावीक रक्कम भरून नियमित करण्याची सोय २०१७ मध्ये सरकारला करावी लागली. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्रच बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे असे ठरवण्यात आले.

२६/
अशा अवस्थेतला सातबारा १९८८-८९ मध्ये वर्ध्यात संगणकापाशी आला. संगणकाने काय करायचे होते? तक्ता जसा आहे तसा उतरवून घ्यायचा आणि त्याची प्रत लवकर द्यायची. हे काम मोलाचे होते. उताऱ्यासाठीचे हेलपाटे कमी होणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. वर्ध्यासह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली योजना वाढत गेली, १९९७-९८ पासून तालुका पातळीवर नेण्याचे ठरले आणि १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. परंतु तक्ता डिस्कवर गेल्याने शिवार बदलत नाही. कागदावर जी विसंगती होती, ती तेवढ्याच सफाईने पडद्यावर आली.

२७/
इथे डिस्कचा इतिहास पुन्हा उपयोगी पडतो, कारण दरम्यान डिस्कच बदलली. एसएसडीमध्ये फिरती तबकडी नाही आणि सरकणारे हेडही नाही. कोणताही खण जवळचा नाही, कोणताही दूरचा नाही. म्हणून विखुरलेपणाची किंमत जवळपास संपली. उलट तिचे खण ठरावीक वेळाच लिहिता येतात. उगाच हलवाहलव केली, तर तिचे आयुष्य खर्ची पडते. शिवाय एसएसडी स्वतःच्या आत आणखी एक तक्ता ठेवते. प्रणाली म्हणते 'खण १२'. तो प्रत्यक्षात कुठे आहे, हे फक्त त्या आतल्या तक्त्याला ठाऊक.

२८/
म्हणून विंडोज ७ (२००९) एसएसडी ओळखली, की नेमून दिलेली साप्ताहिक डीफ्रॅग तिच्यापुरती बंद ठेवी. विंडोज ८ (२०१२) पासून त्या साधनाचे नावच 'ऑप्टिमाइझ' झाले. आज डीफ्रॅग या आज्ञेला ओ हे अक्षर जोडले, तर ती आधी डिस्क कोणत्या जातीची आहे ते पाहते. फिरती असेल, तर फाइली सलग लावते. एसएसडी असेल, तर ट्रिम पाठवते, म्हणजे कोणते खण आता कोणाचे नाहीत एवढेच कळवते. आज्ञा तीच; पण मजकूर हलवायचा की नुसती नोंद नीट करायची, हे जागेचा स्वभाव पाहून ठरते.

२९/
महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये आणलेली 'सलोखा' योजना नेमकी या दुसऱ्या वाटेची आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात निदान १२ वर्षे असेल, तर पंचनामा करून अदलाबदलीचा दस्त करता येतो. मुद्रांक शुल्क नाममात्र १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. कोणीही शेत सोडत नाही. गोविंदराव कसत आहेत तिथेच कसतात, माधवरावही. बदलतो तो फक्त तक्ता. मात्र त्यासाठी दोघांची संमती लागते, आणि ती कोणत्याही कमांड लाइनवर मिळत नाही.

३०/
तर मूळ प्रश्नाचे उत्तर. डिस्कची तुकडेजोड एका ओळीत झाली, कारण तिचे खण सारखे होते, मधे मोकळी जागा होती, पायऱ्यांचा क्रम कधी मोडला नाही आणि हलवल्या जाणाऱ्या फाइलीला विचारण्याची गरज नव्हती. शिवारात यांतली एकही गोष्ट नव्हती. तिथे जे टिकले ते संमतीने झाले, आणि जिथे दप्तर ताब्याच्या पुढे धावले तिथले भांडण नातवंडांना मिळाले. १९२७ मध्ये मालकीला हात न लावता सहकाराने कसण्याची वाट सुचवणाऱ्या आंबेडकरांना हा धोका दिसला होता.

३१/
आता दोन कामे तुमच्यासाठी. पहिले: संगणकावर कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडा आणि डीफ्रॅग सी या आज्ञेला तिरकी रेघ व ए जोडून फक्त तपासणी करा. ही आज्ञा काही हलवत नाही, केवळ अहवाल देते. दुसरे: घरच्या जमिनीचा सातबारा काढा, त्यावरचा गट नंबर पाहा आणि घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला विचारा की या गटात पूर्वी कोणाकोणाचे तुकडे होते आणि आज तिथे प्रत्यक्ष कोण कसते. उत्तर उताऱ्याशी जुळले नाही, तर ते आजच लिहून ठेवा. जुन्या जागांचा तो तक्ता केवळ त्यांच्याच स्मरणात असतो.

इति.